ससा घेऊ का डुक्कर? मुलांच्या ट्रॅकिओस्टॉमीनंतर श्वासनळी आत बसते, त्याच्या प्राण्यांवरच्या प्रयोगाबद्दल

धुळ्याच्या एका ज्युनिअरने विचारलंय, थोडक्यात असं: "सर, ट्रॅकिओस्टॉमी झालेल्या, म्हणजे मानेतून श्वासनळीला भोक पाडून ट्यूब घातलेल्या, लहान मुलांत स्टोमाच्या, म्हणजे त्या भोकाच्या, वरची पुढची भिंत आत बसते आणि मग ट्यूब काढताच येत नाही. यावर प्राण्यांत काम करायचंय. उभा छेद चांगला का आडवा ते दाखवायचंय. ससा घेऊ, डुकराचं पिल्लू घेऊ का कुत्रा? आणि ट्यूब किती दिवस ठेवू?"

भो, प्रश्न चांगलाय, पण तू शेवटच्या टोकाकडून सुरुवात केलीयस. प्राणी सगळ्यात शेवटी ठरतो. आधी हे ठरव की आत बसतं म्हणजे नेमकं काय बसतं, कारण आपण सगळे ओपीडीत "कोलॅप्स आहे" असं एकच लिहून मोकळे होतो आणि त्याच्या पोटात तीन वेगळे आजार असतात, तिघांना लागणारा प्राणीही वेगळा.

आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार, विहिरीतून पाणी ओढायच्या सक्शन पाईपात तारेचं वेटोळं का असतं आणि मोटरच्या पुढच्या डिलिव्हरीच्या चपट्या पाईपात का नसतं. ओढताना आत व्हॅक्युम होतो, तार नसली तर पाईप चिकटून बसेल. ढकलताना पाईप आपोआप फुगतो, तिथे तारेची गरज नाही. मानेतली श्वासनळी म्हणजे हा सक्शनचा पाईप, मूल श्वास आत ओढतं तेव्हा ती आत खेचली जाते, म्हणून स्टोमाजवळची भिंत बसलेल्या पोराला आवाज श्वास घेताना येतो. छातीतल्या भागाचं उलट, तो श्वास सोडताना दबतो. आपण मानेत जिथे भोक पाडतो तिथे नेमकी त्या वेटोळ्याची, म्हणजे कुर्चेच्या रिंगांची, दोन-तीन कडी कापतो, आणि लहान मुलाची ती कडी आधीच पातळ. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे जाडी निम्मी असली तर ताकद आठवा हिस्सा. हे डोक्यात पक्कं बसव, पुढचं सगळं यावरूनच येतं.

आता तीन आजार. पहिला तुझा, स्टोमाच्या वरच्या काठाची रिंग मागे मुडपते. ट्यूबचा वरचा बाक त्या काठाला दिवसरात्र दाबत राहतो, इन्फेक्शन असतंच, कुर्चेला सूज येते, ती मऊ पडते आणि दारावरच्या पडवीसारखी आत झुकते. दुसरा, खरा मलेशिया (म्हणजे कुर्चेचा मऊपणा), सगळी नळीच लिबलिबीत, हा कधी जन्मापासूनच असतो. तिसरा, भरून येताना बाजूच्या भिंती आत ओढल्या जाऊन आतला आकार इंग्रजी ए अक्षरासारखा होतो, तो मऊपणा नाही, तो व्रण आहे, कडक असतो. ग्रॅन्युलोमा यात धरू नको, तो मांसाचा गोळा आहे, त्याला कोलॅप्स म्हणणं म्हणजे घरात कपाट ठेवलं तर भिंत पडली म्हणण्यासारखं.

पहिल्या प्रकारात एक गोम आहे जी मला स्वतःला फार उशिरा कळली. ट्यूब आत आहे तोवर त्या वरच्या भागातून हवा जवळपास जातच नाही, मूल ट्यूबमधून श्वास घेतं. म्हणजे भिंत कितीही कमजोर झाली तरी ओढ बसत नाही, कुणाला काही कळत नाही. ज्या दिवशी ट्यूबला बूच लावतो त्या दिवशी ती पडते. चार मिलिमीटरच्या नळीत सगळीकडून एक मिलिमीटर कमी झालं तर व्यास निम्मा, क्षेत्रफळ पाव, आणि हवेला होणारा विरोध शांत प्रवाहातसुद्धा १६ पट. रडणाऱ्या मुलात तर त्याहून जास्त. मागे एक पोरगं होतं, मण्यार चावून बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेलं, त्याची आई दर वेळी एकच विचारायची, "डाक्टर, मना आंडोर कव्हय बोली?" (माझा मुलगा कधी बोलेल?) आणि दर वेळी बूच लावलं की पोराची मान आत ओढली जायची. त्या पोरामुळेच मी सशांच्या नादी लागलो.

तर प्रयोगातला अर्थ सरळ आहे: प्राण्यातून ट्यूब काढून, त्याला त्याच्या नाकाने काही दिवस श्वास घेऊ दिल्याशिवाय तू कोलॅप्स बघितलाच नाहीस. ट्यूब आत असताना प्राणी मारून मायक्रोस्कोपखाली कुर्चा बघणं म्हणजे सूज बघणं, तेही उपयोगाचं, पण थिसिसच्या नावात मग कोलॅप्स लिहू नको.

आता प्राण्यांकडे. कुत्रा आधी बाजूला ठेव. जुन्या काळात श्वासनळीचं बरंच काम कुत्र्यांवर झालं, पण एक तर आज परवानगी मिळणं कठीण आणि मिळू नये असंच माझं मत, दुसरं म्हणजे कुत्र्या-मांजरात मागचा ट्रॅकिआलिस स्नायू रिंगच्या टोकांना बाहेरून चिकटलेला असतो, माणसात तो आतून असतो. स्नायू आकसला की नळीचा आकार वेगळा बदलतो. हां, कुत्र्यांकडून शिकण्यासारखं एक आहे. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर अशा छोट्या जातींत श्वासनळी मध्यम वयानंतर आपोआप चपटी होते, बदकासारखा खोकला येतो, पशुवैद्य त्याला चार ग्रेड देतात, २५, ५०, ७५ आणि जवळपास १०० टक्के बंद. त्यांच्या कुर्चेत पेशी कमी आणि पाणी धरणारे ग्लायकोसअमिनोग्लायकन कमी सापडतात. जळगावात पॉमेरेनियन काही कमी नाहीत, एखाद्या पशुवैद्याशी दोस्ती कर, त्याच्याकडचे एक्सरे आणि स्कोपीचे, म्हणजे दुर्बिणीने आतून घेतलेले, व्हिडिओ बघ, मऊ कुर्चा कशी वागते ते एकही प्राणी न मारता कळेल.

फेरेटवर (मुंगसासारखा लांबुळका छोटा प्राणी) मुलांच्या ट्रॅकिओस्टॉमीचे छेद तपासल्याचं काम १९८५ सालचं आहे, मान लांब, नळी बारीक, बाळाच्या मापाच्या जवळची, म्हणून. पण आपल्याकडे फेरेट आणणार कुठून, सोडून दे.

डुकराचं पिल्लू सगळ्यांना आवडतं. साईज खरी मिळते, आपल्याच नवजात ट्यूबा बसतात, आपलाच टेलिस्कोप (श्वासनळीत घालायची दुर्बीण) जातो, नळीची भिंतही बऱ्यापैकी आपल्यासारखी. २०१४ साली छापलेलं मिशिगन विद्यापीठाचं काम बघ, पिल्लांत रिंगा आतल्या अस्तरापासून सोडवून, कापून मुद्दाम मलेशिया तयार केला आणि मग बाहेरून थ्रीडी प्रिंट केलेली, शरीरात विरघळणारी स्प्लिंट (आधाराची खोळ) शिवली. त्याच टीमने २०१२ मध्ये एका बाळाच्या ब्रॉन्कसवर (फुप्फुसाकडे जाणाऱ्या फाट्यावर) पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या प्लॅस्टिकची स्प्लिंट बसवली होती. म्हणजे मोठ्या हवानळीच्या कामाला डुक्कर चालतं यात वाद नाही. पण अडचणी ऐक. डुकराच्या रिंगची टोकं मागे एकमेकांवर चढलेली असतात, मागच्या पडद्याचा, म्हणजे कुर्चा नसलेला मऊ, भाग अगदी थोडा, त्यामुळे त्याची नळी आपल्या बाळाच्या नळीपेक्षा मुळातच जास्त ताठ. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या लोबची (भागाची) नळी थेट ट्रॅकियातूनच (मुख्य श्वासनळीतूनच) निघते, म्हणून भूल देताना ट्यूब खोल गेली की तो लोब बंद. मान आखूड आणि चरबीची. आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे वाढ. जन्मताना दीड किलोच्या आसपासचं पिल्लू दोन-अडीच महिन्यांत वीस किलोच्या पुढे जातं, आज नीट बसलेली ट्यूब थोड्या आठवड्यांत आखूड पडते आणि मानेच्या चरबीत मागे सरकून येते, मग तू अभ्यास करतोस तो छेदाचा का न बसणाऱ्या ट्यूबचा हे तुलाच सांगता येणार नाही. वाढीचाच प्रश्न असेल, म्हणजे छेद दिलेली रिंग पुढे नीट वाढते का, तर मात्र पिल्लूच घे, ट्यूबा बदलत बदलत.

शेळी-मेंढी घरची, पण जिवंत मेंढीवर मी तरी जाणार नाही, खर्च आणि माणूसबळ दोन्ही झेपत नाही. खाटकाकडची बोकडाची नळी ही वेगळी गोष्ट, तिच्याकडे शेवटी येतो.

राहिला ससा. तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर ससाच आहे, पण त्याच्या सगळ्या खोडी माहीत करून घेऊन. न्यूझीलंड व्हाइट जातीचा, तीन-साडेतीन किलोचा, नळी पाच-सहा मिलिमीटरची, म्हणजे अडीच-तीन नंबरची नवजात ट्यूब जाते, मागे पडदा आपल्यासारखा, आणि बाळासारखाच नाकाने श्वास घेणारा. पण रिंगा मोज. माणसाला १६ ते २०, सशाला पन्नासच्या आसपास. "दुसरी ते चौथी रिंग" हे आपलं पाठांतर सशात निरर्थक आहे, त्याची एक रिंग म्हणजे आपल्या रिंगचा बारका तुकडा. छेद रिंगच्या संख्येत नाही तर नळीच्या लांबीच्या आणि घेराच्या प्रमाणात ठरव आणि तेच मेथडमध्ये लिही, नाहीतर तुझा उभा छेद आणि दुसऱ्याचा उभा छेद यांची तुलनाच होणार नाही. मादी मोठी झाली की हनुवटीखाली कातडीची झोळी येते, ती स्टोमावर बसून भोक बंद करते, म्हणून नर घे किंवा कोवळे घे.

ससा ऑपरेशनने मरत नाही, ऑपरेशननंतरच्या रात्री मरतो. हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या वेळी संध्याकाळी सातला सक्शन करून सगळे घरी जायचे आणि सकाळी पिंजऱ्यात ट्यूबच्या टोकाला बुचासारखा चिकट म्युकस आणि थंड पडलेला ससा. दोन असे गेल्यावर तिसऱ्या रात्री मी स्वतः स्टुलावर बसलो, तेव्हा कळलं की पहाटे तीनच्या सुमाराला ट्यूबमधून शिट्टी यायला लागते, ती आली की तुझ्याकडे थोडी मिनिटं असतात. आत नळी असलेली डबल ट्यूब एवढ्या छोट्या मापात मिळत नाही. त्यामुळे रात्रीचा माणूस, दमट हवा, दर दोन-तीन तासांनी थेंबभर सलाईन आणि बारीक सक्शन, हे बजेटमध्ये आधी लिही, टेलिस्कोप नंतर. ट्यूब ओढू नये म्हणून गळ्यात कॉलर घालतात, पण ससा रात्री स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात, कॉलरमुळे ते बंद झालं की पोट बसतं. कॉलरपेक्षा मानेभोवती मऊ जॅकेट शिवून घे. औषधात तर आपण माणसांचे डॉक्टर हमखास चुकतो: तोंडाने अ‍ॅम्पिसिलिन किंवा क्लिंडामायसिन दिलं तर आतड्यातले जंतू बिघडून ससा दगावतो, एन्रोफ्लॉक्सॅसिन पशुवैद्याला विचारून वापर. बऱ्याच सशांत अ‍ॅट्रोपिन फोडणारं एन्झाइम असतं, म्हणून लाळ-म्युकस आटवायला त्याऐवजी ग्लायकोपायरोलेट.

आणि आपला मे महिना! ससा वीस अंशाच्या आसपास खुश असतो, भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीस पार जातो, त्यात लाईट गेली की एसीही गेला. ससा घाम गाळू शकत नाही, श्वास जोरात घेऊन थंड होतो, आणि तू त्याचं नाकच बायपास केलेलं. उन्हाळ्यात मेलेला ससा छेदामुळे मेला का उकाड्यामुळे हे कोणी सांगू शकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यातच काम बसव.

मलेशियाचं मॉडेल कोणाला हवं असेल तर पपई आठवा. थट्टा नाही. १९५६ साली लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टरने सशांना शिरेतून पपेन दिलं, म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं तेच एन्झाइम ज्याच्यासाठी आपण मटण शिजताना पपईचा तुकडा टाकतो, आणि काही तासांत सशांचे उभे कान लुळे पडून खाली लोंबले, तीन-चार दिवसांत परत उभे राहिले. कुर्चेतला भराव धुऊन जातो आणि पेशी जिवंत असल्यामुळे पुन्हा भरतात. पुढे हीच युक्ती श्वासनळी मऊ करायलाही वापरली गेली. शहाद्याच्या पपईवाल्यांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही. पण लक्षात ठेव, पपेनने सगळ्या अंगातली कुर्चा मऊ होते आणि थोडे दिवसच, स्टोमावरची एक रिंग मुडपणं यातून मिळत नाही. सुंदर प्रयोग, तुझ्या कामाचा नाही.

किती दिवस ट्यूब? नुसत्या छेदाची जखम दोन आठवड्यांत बरीच ठरते, पण मुलांत ट्यूब महिने-वर्षं असते. सशात तीन-चार आठवडे ट्यूब, मग काढून आणखी चार आठवडे, एवढं जमलं तरी भरपूर झालं. आणि प्राणी निरोगी आहे हे विसरू नको. आपलं पोरगं प्रिमॅच्युअर असतं, रिफ्लक्स (पोटातलं आम्ल वर येणं) असतो, आधी तोंडातून ट्यूब टाकून झालेली असते, पाठीवर झोपलेलं असतं आणि व्हेंटिलेटरचे पाईप ट्यूबला ओढत असतात. ससा चार पायांवर, नळी आडवी, ट्यूब खाली लोंबणारी, म्हणजे ट्यूबचा दाब कुठल्या काठावर पडतो हेच वेगळं. यासाठी ट्यूबच्या फ्लँजखाली, म्हणजे मानेवर टेकणाऱ्या पट्टीखाली, छोटी पाचर लावून बाक वरच्या काठाला टेकेल असं करता येतं, पण मग सगळ्या सशांना सारखी पाचर.

मोजणी हा भाग बहुतेक जण घाईत उरकतात आणि तिथेच सगळं जातं. पूर्ण पॅरालाईज करून पॉझिटिव्ह प्रेशरवर, म्हणजे मशीनने हवा आत ढकलत, स्कोपी केलीस तर कोलॅप्स दिसणारच नाही, हवा आतून भिंत धरून ठेवते, सक्शनच्या पाईपला डिलिव्हरीला जोडल्यासारखं. हलकी भूल, ससा स्वतः श्वास घेतोय, बारीक टेलिस्कोप वरून व्होकल कॉर्डच्या खाली, व्हिडिओ चालू, श्वास आत घेतानाचं सगळ्यात लहान आणि सोडतानाचं सगळ्यात मोठं क्षेत्रफळ, आणि त्याच सशाची स्टोमाच्या बरीच खाली असलेली चांगली जागा तुलनेला. टेलिस्कोप स्वतःच नळीचा बराच भाग अडवतो म्हणून जास्त वेळ आत ठेवायचा नाही. मायर-कॉटन ग्रेड लिहू नको, ते सबग्लॉटिक स्टेनोसिससाठी (स्वरयंत्राखालच्या अरुंदपणासाठी) आहे, कडक अडथळ्यासाठी, श्वासागणिक हलणाऱ्या भिंतीसाठी नाही. प्राणी संपवल्यावर नळी लगेच फॉर्मलिनमध्ये टाकायचा मोह आवर, आधी ताजी असताना दोन्ही टोकं बांधून हळूहळू निगेटिव्ह प्रेशर देऊन कोणत्या दाबाला भिंत बसते ते बघ, मग फॉर्मलिन. स्लाईड रंगवायला साधं एच अँड ई, व्रणासाठी मॅसन ट्रायक्रोम, कुर्चेच्या भरावासाठी सॅफ्रानिन-ओ. बघणाऱ्याला कुठला ससा कुठल्या गटातला हे माहीत नको, आणि तो बघणारा तू नको.

उभा का आडवा हे सिद्ध होईल का, असं विचारलंस. सरळ सांगतो, मुलांत काय करावं हे सिद्ध होणार नाही. कुर्चेचा तुकडा काढायचा नाही, उभा छेद, दोन्ही बाजूंना स्टे सुतर (ट्यूब निघाली तर भोक उघडायला ठेवलेले धागे), हे आपण मुलांत करतो त्यामागे वाईट अनुभवांची लांब परंपरा आहे, शेव्हलिए जॅक्सन या अमेरिकन डॉक्टरने १९२१ सालीच उंचावर केलेल्या ट्रॅकिओस्टॉमीने होणाऱ्या स्टेनोसिसवर बोट ठेवलं होतं. ब्यॉर्कचा १९६० चा खाली उघडणारा फ्लॅप (भिंतीचा झडपेसारखा तुकडा) मोठ्यांसाठी ठीक, मुलांत आपण टाळतो. कोल्टायची १९९८ ची स्टारप्लास्टी नावाची पद्धत ट्यूब निघाली तरी भोक उघडं राहावं म्हणून, पण नंतर ते भोक बंद करायला वेगळं ऑपरेशन लागतं. तुझ्या सशांतून एवढंच कळेल की सारखी ट्यूब, सारखे दिवस ठेवून वरच्या रिंगचं टोक कोणत्या छेदात जास्त मुडपतं. ते छोटं उत्तर आहे, पण खरं असेल. थिसिसला तेवढं पुरतं.

संख्येसाठी साधा हिशोब: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करून उत्तर १० ते २० मध्ये आलं पाहिजे. ट्यूब न घातलेला शॅम (तुलनेपुरतं नावाचं ऑपरेशन), उभा, आडवा, असे तीन गट, प्रत्येकी सहा, १८ वजा ३ म्हणजे १५, बसतं. रात्री जाणाऱ्यांसाठी थोडे जास्त मंजूर करून घे. कॉलेजच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीला सशापर्यंतचं काम मंजूर करता येतं, डुक्कर-कुत्रा म्हटलं की फाईल केंद्रीय समितीकडे जाते, १९९८ च्या नियमांप्रमाणे, आणि तुझी टर्म त्यातच संपेल. ससे नोंदणी असलेल्या ब्रीडरकडूनच, बाजारातून उचलायचे नाहीत.

पण ससा आणायच्या आधी दोन महिने खाटकाकडे जा. कोवळ्या बोकडाचं स्वरयंत्रासकट ट्रॅकिया माग, तो फेकून देतो किंवा कुत्र्याला टाकतो, फार तर थोडे पैसे घेईल. प्राणी तुझ्यासाठी मारलेला नाही म्हणून परवानगीचा ताण नाही, तरी कमिटीला लेखी कळवून ठेव. उभा छेद, आडवा छेद, एच आकाराचा छेद, फ्लॅप, सगळे यावर कर, ट्यूब घाल, वरच्या काठावर ट्यूबचा दाब स्प्रिंगच्या काट्याने मोज, निगेटिव्ह प्रेशर दे. जिवंत नाही, स्नायू नाही, सूज नाही, पण रिंग कापल्यावर वेटोळं किती ढिलं पडतं हे याच्यात स्वच्छ दिसतं, आणि तुझा हातही बसतो. मी असं केलं असतं तर सशांवर हात बसवायची वेळ आली नसती.

नळी आणताना फ्रीझरमध्ये टाकू नको, गोठली की कुर्चेचा ताठपणा बदलतो. सकाळी सहाला जा, सलाईनच्या बाटलीत घाल, बाटली बर्फाच्या थर्मासात, आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत मोजून मोकळा हो.